बाजरी : हलक्या रानाचे पीक व घरचे अन्न

जालना जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या दारात आज कापूस येतो, सोयाबीन येते, मका येतो आणि तेथूनच तो व्यापाऱ्याच्या गाडीत चढतो. भाकरीचे पीठ मात्र त्याच शेतकऱ्याच्या घरी दुकानातून येते. ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की तीत काही विपरीत आहे असे कोणास वाटेनासे झाले आहे. ज्याने आयुष्यभर जमीन कसली त्याची बायको पिठाची पिशवी विकत आणते, आणि ज्या वर्षी कापूस बुडतो त्या वर्षी पिशवीही उधारीवर येते. या पाठात आम्ही बाजरीविषयी जे सांगणार आहोत ते एवढ्याच हेतूने, की ज्यांच्यापाशी दोन-चार एकर कोरडवाहू जमीन आहे त्यांनी तीतील वीस गुंठे तरी दरसाल घरच्या बाजरीस राखून ठेवावेत. सगळे शेत बाजरीने भरा असे आमचे म्हणणे नाही. तसे सांगणारा मनुष्य शेतकऱ्याचा हिशेब जाणत नाही. जे उपदेशक बंधू हा पाठ संध्याकाळी मंडळीस वाचून दाखवतील त्यांनी बायकांस अवश्य बोलवावे, कारण याचा अर्धा भाग चुलीपाशी घडणारा आहे.

बाजरी आपल्या इतक्या ओळखीची आहे की ती येथलीच असावी असे वाटते. वस्तुतः तिचे मूळ घर पश्चिम आफ्रिकेत, सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठावर आहे. आजच्या माली देशात सापडलेल्या प्राचीन खापरांच्या मातीत बाजरीच्या तुसांचे ठसे उमटलेले आढळले असून ती खापरे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची आहेत. तेथल्या गुराख्यांनी रानटी गवतातून निवडून-निवडून हे धान्य घडविले. भारतात ते येऊन पोहोचल्यालाही तीन हजारांहून अधिक वर्षे लोटली. आज राजस्थानात बाजरीचे क्षेत्र सर्वांत मोठे आहे. महाराष्ट्रात नाशिक, अहिल्यानगर, बीड, धुळे, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांच्या हलक्या रानांत ती अजून टिकून आहे. आपल्या जालना जिल्ह्यात मात्र पूर्वी जेथे बाजरी डोलत असे तेथे कापूस व सोयाबीन आले, आणि बाजरी बांधाकडेला गेली.

जे पीक वाळवंटाच्या काठी जन्मले त्याचा स्वभाव तसाच असावा यात नवल नाही. सर्व झाडे पानांवाटे हवेतील कर्बवायू आत घेतात आणि घेताना पाण्याची वाफ बाहेर सोडतात. भात व गहू यांच्या पानांतून या व्यवहारात पुष्कळ पाणी वाया जाते. बाजरी, ज्वारी, मका व ऊस यांच्या पानांत कर्बवायू आधी साठवून मग वापरण्याची निराळी योजना आहे. त्यामुळे तेवढ्याच पाण्यात त्यांचे अन्न अधिक तयार होते, आणि कडक ऊन त्यांना बाधत नाही. या चौघांतही बाजरी सर्वांत काटक. तिची मुळे खोल जातात. शिवाय तिला फुटवे पुष्कळ येतात, आणि ते एकाच वेळी निसवत नाहीत. पहिले कणीस बाहेर पडण्याच्या वेळी पावसाने दडी मारली तर ते कणीस फोल जाते. पण पंधरा दिवसांनी सर आली की मागून येणारा फुटवा कणीस धरतो. मक्याला ही सोय नाही. त्याचे तुरा व कणीस यायच्या आठवड्यात पाणी चुकले की सारा हंगाम गेला.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. बाजरीला साचलेले पाणी सोसत नाही. गोदावरीकाठच्या अंबड, घनसावंगी व परतूर या तालुक्यांत जी खोल काळी, चिबडणारी जमीन आहे तीत ती पिवळी पडून खुजी राहते. तिची खरी जागा म्हणजे भोकरदन व जाफराबादकडील उताराची मुरमाड राने, बदनापूर व मंठ्याकडच्या माळाच्या पट्ट्या, ज्यांत कापसाचे बोंड सुपारीएवढेच राहते. म्हणजे आम्ही जे वीस गुंठे मागत आहोत ते शेतातले सर्वांत चांगले नव्हेत. ज्यात दरसाल खत घालून पदरी काही पडत नाही तेच होत.

आता पावसाकडे पाहू. जालना जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. सरासरी हा शब्द ऐकावयास बरा वाटतो. पण शेत सरासरीवर पिकत नाही. १९७२ साली काय झाले ते घराघरांतील म्हातारी माणसे सांगतात. पाऊस आला नाही, लोक खडी फोडावयास गेले, कामावर सुकडी मिळे, आणि परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाऊन दिवस काढावे लागले. पुढे २०१२ साली पुन्हा तसेच संकट आले. जालना शहरास पाणी पुरविणारा घाणेवाडीचा तलाव आटला, शहर टँकरवर जगले, आणि जिल्ह्याचे भूषण म्हणून मिरविणाऱ्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. बारा-पंधरा वर्षे जोपासलेली झाडे कुऱ्हाडीने तोडून सरपणाला विकण्याची पाळी आली. अशा वर्षी बाजरीही भरघोस येत नाही, हे आम्ही लपवीत नाही. पण तिला पिकावयास तीन-साडेतीनशे मिलिमीटर पाऊस पुरतो, तो नीट वाटून पडला तर. आणि तो जरी मिळाला नाही, दाणा जरी भरला नाही, तरी सरमड हाती लागते. ज्या वर्षी बैलजोडी चाऱ्यावाचून बाजारात जाते त्या वर्षी सरमडाच्या चार गंजींची किंमत पैशांत करता येत नाही. वाळलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या जाळावयास होतात, जनावरापुढे घालता येत नाहीत.

याहून एक गुण असा, की बाजरी उशिरा आलेल्या पावसालाही चालते. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली, जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस लागला, तर कापूस लावणे म्हणजे पैसे मातीत पुरणे होय. बाजरी जुलैअखेरपर्यंत पेरता येते आणि अडीच-तीन महिन्यांत घरी येते.

येथे कोणी म्हणेल, भावाचे काय? हा प्रश्न रास्त आहे. २०२४-२५ च्या हंगामास सरकारने जी आधारभूत किंमत ठरविली होती तीत बाजरीस क्विंटलमागे २६२५ रुपये होते, आणि सोयाबीनला ४८९२. बाजारात विकावयाचे असेल तर बाजरी हरते. हे कबूल केल्यावाचून पुढे जाता येत नाही. पण आम्ही ती विकावयास सांगत नाही. हिशेब निराळा आहे, तो असा. घरात पाच माणसे धरा. माणशी दिवसाला तीनशे ग्रॅम पीठ धरले, तर घराला रोज दीड किलो लागते. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत चार महिने, म्हणजे १२० दिवस, बाजरी खावयाची म्हटले तर १८० किलो, अर्थात १ क्विंटल ८० किलो हवी. वीस गुंठे म्हणजे एका हेक्टरचा पाचवा हिस्सा. हेक्टरी नऊ क्विंटल उतारा, जो हलक्या रानातही बऱ्या पावसात पडतो, तो धरला तर वीस गुंठ्यांत बरोबर १ क्विंटल ८० किलो होतात. चांगल्या वर्षी याच्या दुपटीने होते. बी किती लागते? हेक्टरी तीन ते चार किलो. म्हणजे वीस गुंठ्यांस सहाशे ते आठशे ग्रॅम. एका ओंजळीच्या आसपास बियाणे आणि चार महिन्यांची भाकरी, असा हा व्यवहार आहे.

आणखी असे म्हणतील की आता शिधापत्रिकेवर धान्य फुकट मिळते, मग पेरावे कशाला? २०२३ च्या जानेवारीपासून अन्नसुरक्षेखालच्या प्राधान्य कुटुंबांस माणशी महिना ५ किलो धान्य विनामूल्य मिळू लागले, ही गरिबांवर मोठीच कृपा झाली, आणि तिचा अव्हेर कोणी करू नये. पण जो मनुष्य दिवसाला तीनशे ग्रॅम खातो त्यास महिन्याला नऊ किलो लागतात. चार किलो कोठून तरी आणावेच लागतात. त्यातून मिळते ते बहुधा तांदूळ व गहू. आणि येथून आमच्या विषयाचा दुसरा भाग सुरू होतो.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे जे तक्ते प्रसिद्ध केले त्यांत शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे ११ ग्रॅम प्रथिने, साडेपाच ग्रॅमच्या जवळपास स्निग्धांश आणि ६.४ मिलिग्रॅम लोह दाखविले आहे. तितक्याच ज्वारीत लोह सुमारे ४ मिलिग्रॅम, गव्हाच्या पिठात ४.१, आणि पांढऱ्या सडलेल्या तांदळात एक मिलिग्रॅमही नाही. प्रथिने तांदळात आठाच्या आत आहेत. वाचकांनी या आकड्यांतला लोहाचा आकडा विशेष ध्यानात ठेवावा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींच्या रक्तात रक्तक्षय आढळला, आणि सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या शंभर बालकांपैकी सुमारे ६९ बालकांत. म्हणजे आपल्या मंडळीत दहा बायका बसल्या असतील तर त्यांत पाच-सहा जणी अशा, की ज्यांना विहिरीवरून दोन घागरी आणताना धाप लागते, तोंड फिकट पडते, आणि त्या ते आपल्या नशिबाचे समजतात. हा रोग आहे, आळस नव्हे, हे पुरुषांनीही ऐकावे.

बाजरीने हा रोग हटतो काय? याची परीक्षा आपल्या शेजारीच झालेली आहे. त्या काळच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींचे दोन गट करून एका गटास साध्या बाजरीच्या व दुसऱ्यास अधिक लोह असलेल्या बाजरीच्या भाकरी दिवसातून दोनदा सहा महिने देण्यात आल्या. याचा वृत्तांत २०१५ साली प्रसिद्ध झाला. अधिक लोहाची बाजरी खाणाऱ्या मुलांच्या शरीरातील लोहाचा साठा चार महिन्यांतच वाढलेला दिसला, आणि ज्यांच्या अंगी आरंभी लोह कमी होते त्यांस सर्वांत अधिक लाभ झाला. हे औषध नव्हते. जेवणच होते, तेही त्या मुलांच्या ओळखीचे.

ही अधिक लोहाची बाजरी म्हणजे 'धनशक्ती' हा वाण. हैदराबादेजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेली कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या श्रमातून तो तयार झाला आणि २०१२ साली महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. त्याच्या एका किलो दाण्यात सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. पुढे आपल्या मराठवाड्याच्या कृषी विद्यापीठाच्या छत्रपती संभाजीनगर येथील केंद्राने एएचबी १२०० व एएचबी १२६९ हे दोन संकरित वाण काढले. पहिल्यात किलोमागे ७३ आणि दुसऱ्यात ९१ मिलिग्रॅम लोह आहे. तुलनेकरिता सांगतो, की २०१८ पासून देशात कोणत्याही नव्या बाजरीच्या वाणास मान्यता मिळावयाची तर निदान ४२ मिलिग्रॅम लोह असलेच पाहिजे अशी अट घालण्यात आली. दुकानदारापाशी बी मागताना केवळ 'चांगली बाजरी द्या' असे म्हणू नये. वाणाचे नाव घेऊन मागावे.

बियाण्यांची गोष्ट निघाली आहे तर जालनेकरांनी आपल्याच गावची एक हकीकत जाणून घ्यावी. १९६४ साली बदरीनारायण बारवाले यांनी जालन्यात महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, जिला लोक महिको म्हणतात, ती स्थापिली. त्यांच्यामागून या शहरात बियाण्यांच्या इतर अनेक कंपन्या उभ्या राहिल्या आणि जालन्याचे बी देशभर जाऊ लागले. बारवाले यांस १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २०१७ मध्ये ते वारले. ज्या शहरातून साऱ्या हिंदुस्थानात बाजरीचे बी जाते त्या शहराच्या दहा कोसांतल्या घरांत बाजरी नसावी, हे आम्हास चमत्कारिक वाटते.

संकरित बाजरीचा आरंभही त्याच सुमाराचा. अमेरिकेतील जॉर्जिया प्रांतात टिफ्टन या गावी बाजरीची एक अशी जात तयार झाली होती की तिच्या फुलात पराग निपजत नसे. तिला मादी धरून लुधियाना येथे पहिला संकर झाला आणि १९६५ साली एचबी १ या नावाने तो बाहेर पडला. उत्पन्न एकदम वाढले, लोक आनंदले. पण देशभरच्या संकरित बाजरीची आई एकच होती, आणि त्या आईला गोसावी रोग सोसत नव्हता. १९७० नंतरच्या काही वर्षांत हा रोग वणव्यासारखा पसरला आणि शेतेच्या शेते गेली. गोसावी रोग म्हणजे काय हे ज्यांनी पाहिले असेल ते विसरणार नाहीत: पाने पिवळट होतात, पानाखाली सकाळच्या वेळी पांढरी भुकटी दिसते, आणि कणसाच्या जागी दाण्यांऐवजी हिरव्या पानांच्या जटा वाढतात. त्या जटांवरूनच हे नाव पडले. पुढे निराळ्या माद्या शोधून रोग सोसणारे वाण काढण्यात आले. एकाच वाणावर साऱ्या गावाने विसंबू नये असे जे जाणते लोक सांगतात त्यामागे हा इतिहास आहे.

आता पेरणीविषयी थोडके. बी घरचे असेल तर पेरण्यापूर्वी ते मिठाच्या पाण्यात घालावे. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बी ओतले की हलके व रोगट दाणे वर तरंगतात. ते काढून जाळून टाकावेत. कोंबड्यांपुढे टाकू नयेत. तळाचे बी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. हे कशासाठी, तर अरगट नावाच्या रोगाकरिता. फुलोऱ्याच्या वेळी ढगाळ हवा राहिली की कणसातून मधासारखा चिकट थेंब गळतो, आणि पुढे दाण्याच्या जागी काळसर कठीण गाठी होतात. त्या विषारी आहेत. अशी बाजरी दळून खाल्ल्यास मळमळ, उलट्या, चक्कर व गुंगी येते. म्हणून मळणीनंतरही खावयाची बाजरी सुपात घेऊन डोळ्यांनी पाहावी, आणि शंका आल्यास हीच मिठाच्या पाण्याची रीत खाण्याच्या दाण्यासही करून मग धुवावी. गोसाव्याकरिता मेटॅलॅक्झिल हे औषध किलो बियाण्यास सहा ग्रॅम या मानाने चोळतात. विकत आणलेले बी आधीच औषध लावून रंगविलेले असते. त्यातले उरलेले बी कदापि दळू नये, आणि पिशवी मुलांच्या हाती देऊ नये.

ओळींत दीड फूट व रोपांत अर्धा फूट अंतर पुरते. बी दोन-तीन सेंटिमीटरांहून खोल पडता कामा नये, कारण दाणा लहान आहे, तो खोलातून वर येत नाही. तिफणीवर जड हात ठेवणाऱ्याची बाजरी विरळ उगवते ती यामुळेच. दोन ओळी बाजरी व एक ओळ तूर अशी पेरणी केल्यास बाजरी सप्टेंबर-ऑक्टोबरात निघून जाते आणि तुरीस मोकळे रान मिळते. तुरीच्या बियाण्यास लांब जावयास नको. बदनापूरच्या संशोधन केंद्राचे बीडीएन ७११ हे पांढरे वाण लवकर येणारे आहे. ज्यांस काही विचारावयाचे असेल त्यांनी खरपुडी अथवा बदनापूर येथील कृषी विज्ञान केंद्रात जावे. तेथे विचारावयास पैसे पडत नाहीत, आणि अंगठा उठविणाऱ्यासही ते उत्तर देतात.

पाखरांचा त्रास आहे. गावात एकाच्याच रानात बाजरी असली की साऱ्या शिवाराची पाखरे तेथे उतरतात, आणि गोफण फिरवून हात दुखतो. याचा उपाय एकच दिसतो, की चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून लगतच्या पट्ट्यांत एकाच आठवड्यात पेरावे. मग पाखरांचा वाटा सर्वांत विभागला जातो आणि राखणही पाळीपाळीने होते. काढणी-मळणीच्या वेळी कूस उडून अंगाला खाज सुटते, आणि ती सोसावी लागते ती बहुतकरून बायकांस. बाजरी मागे पडण्याचे हे एक कारण आहे, जे कोणत्याही अहवालात आम्ही वाचले नाही, पण घरोघरी ऐकले आहे. ज्या गावी मळणीयंत्र आहे तेथे चार घरांची कणसे एकत्र करून ते भाड्याने आणावे. नसेल तर कणसे बडविण्यास पुरुषांनी बसावे. हात त्यांनाही आहेत.

आता चुलीपाशी येऊ. बाजरीविषयी बायकांची मुख्य तक्रार ही, की पीठ कडू होते. तक्रार खरी आहे. दाण्यात स्निग्धांश पुष्कळ असल्यामुळे दळल्यावर हवा लागून तो लवकर खवट होतो. पावसाळ्यात तर आठ दिवसांतच चव फिरते. म्हणून बाजरी महिन्याची दळू नये, चार-पाच दिवसांपुरतीच दळावी. आपल्या आज्या रोज पहाटे जात्यावर बसत, त्यांच्या पिठाला कडू होण्यास वेळच मिळत नसे. ज्यांची गिरणी दूर आहे त्यांनी दुसरी युक्ती करावी: दाणे फडक्यात बांधून उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवावेत, लगेच काढून उन्हात कडकडीत वाळवावेत आणि मग दळावेत. असे पीठ तीन-चार आठवडे टिकते.

दुसरे, बाजरीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही. गव्हात जे चिवट द्रव्य असते ते हिच्यात मुळीच नसल्यामुळे पोळीप्रमाणे ती लाटता येत नाही. पीठ उकळीच्या पाण्यात मळून, तळहाताने रगडून, लगेच थापावे लागते. ही कला आहे, आणि ती सासूकडून सुनेकडे जाते. मधली एक पिढी जर तिने शिकली नाही तर पुढच्या पिढीस शिकविणारे कोणी उरत नाही. अनेक घरांत आज हेच झाले आहे. सूनबाईला भाकरी येत नाही म्हणून हसणाऱ्या सासूबाईंनी परातीपाशी तिच्या शेजारी बसावे.

तिसरी गोष्ट आम्हास सर्वांत महत्त्वाची वाटते. दाण्यातले सगळेच लोह अंगी लागत नाही. बाजरीच्या कोंड्यात फायटेट नावाचे एक द्रव्य असते, ते लोहाला धरून ठेवते. त्यात जर जेवणाबरोबर चहा घेतला तर उरलेसुरले लोहही वाया जाते. आपल्याकडे मुलांना सकाळी चहात भाकरी कुस्करून देण्याची रीत आहे. ती मोडली पाहिजे. चहा प्यावयाचाच तर जेवणानंतर तासाभराने प्यावा. उलट भाकरीबरोबर लिंबू पिळलेली डाळ, हिरवी मिरची, कच्चा कांदा-टोमॅटो अथवा मागून एखादा पेरू खाल्ला तर लोह अधिक शोषले जाते. ज्या जिल्ह्यात मोसंबी पिकते तेथे हे सांगावयास नको होते. पण मोसंबी मुंबईला जाते आणि मूल चहा-भाकरी खाते, ही वस्तुस्थिती आहे. पीठ रात्रभर ताकात आंबवून सकाळी त्याची आंबील केली तर फायटेट पुष्कळ कमी होते. लहान मुलांना व आजाऱ्यांना ती उत्तम.

गर्भिणी स्त्रीला बाजरी उष्ण म्हणून देत नाहीत. हिवाळ्यात तीळ लावलेली बाजरीची भाकरी भोगीच्या दिवशी सारे गाव खाते, तेव्हा उष्णता कोणास बाधत नाही. आणि जिला दोन जिवांपुरते रक्त हवे तिच्याच ताटातून ती काढून घेतात. आमच्या मते हा भ्रम सोडावा. मात्र बाजरी खाते म्हणून आरोग्य उपकेंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. गरोदरपणाची गरज एकट्या भाकरीने भागत नाही.

२०२३ हे साल संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि तेव्हापासून शहरांत बाजरीची बिस्किटे व शेवया चकचकीत पुड्यांतून विकल्या जातात. बाजरीने मधुमेह बरा होतो, अमुक होते, तमुक होते, असेही छापून येते. तिच्यात कोंडा भरपूर असल्यामुळे पोट साफ राहते आणि रक्तातील साखर भाताइतकी चटकन चढत नाही, एवढे खरे. त्याहून अधिक आम्ही म्हणत नाही. उलट एक सावधगिरी सांगतो. बाजरीत अशी काही द्रव्ये आहेत की जी गळ्यातील ग्रंथीच्या कामात अडथळा आणतात. सुदान देशात जेथे लोक वर्षभर केवळ बाजरीवर राहतात आणि आयोडीन मिळत नाही तेथे गलगंड पुष्कळ दिसला. आपल्याकडे बाजरीबरोबर ज्वारी, गहू, डाळ हे सर्व असते, त्यामुळे तसे भय नाही. पण मीठ मात्र आयोडीनयुक्तच वापरावे, खड्याचे स्वस्त मीठ फक्त बी धुण्यास ठेवावे.

शेवटी बी ठेवण्याविषयी. संकरित बाजरीचे बी पुढल्या वर्षी पेरू नये. त्यातून उंच-ठेंगणी, लवकर-उशिरा अशी नाना परीची झाडे निघतात आणि उतारा घटतो. ते दरसाल विकत घ्यावे लागते. धनशक्ती हा मात्र संकर नव्हे, सुधारित वाण आहे, आणि त्याचे बी घरी ठेवता येते. अडचण एवढीच, की बाजरीच्या कणसात आधी स्त्रीकेसर बाहेर पडतात आणि पराग नंतर. म्हणून तिचे फलन बहुधा शेजारच्या झाडाच्या परागाने होते. दोनशे मीटरांच्या आत दुसऱ्या कोणाची निराळी बाजरी असेल तर वारा ती मिसळून टाकतो. यास्तव बी धरावयाची कणसे रानाच्या मध्यभागातून, चाळीस-पन्नास निरनिराळ्या झाडांची, निवडावी; एकट्या मोठ्या कणसाच्या मोहात पडू नये. ती वेगळी वाळवून, वेगळी बडवून, दाणा दाताखाली कट्ट वाजेपर्यंत उन्हात ठेवावा. डब्यात खाली-वर कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून झाकण घट्ट लावावे, आणि डब्यावर खडूने वाणाचे नाव व साल लिहावे. तीन-चार वर्षांनी नवे बी आणून पालट करावा.